कोडे घालायला माणूस हवा

गारखेडा परिसरातील एक निवृत्त लेखापाल पत्नीच्या निधनानंतर काही महिन्यांनी मुलासह माझ्या दवाखान्यात आले. वय अठ्ठ्याहत्तर. “बाबा हल्ली विसरतात, बोलतही नाहीत,” ही मुलाची तक्रार. तपासणी झाल्यावर मी नेहमीचा सल्ला दिला : “सुडोकूचे पुस्तक आणा, मेंदूला व्यायाम होईल.” तीन महिन्यांनी ते गृहस्थ पूर्ण सोडवलेले पुस्तक घेऊन आले. चेहरा मात्र पूर्वीइतकाच उदास होता. ते म्हणाले, “सगळी सुटली डॉक्टर. पण दाखवू कोणाला?”

माझा सल्ला अपुरा होता, हे त्या प्रश्नाने दाखवून दिले. कोडी सोडवल्याने स्मृतिभ्रंश हमखास टळतो, असे कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. सुडोकूच्या सरावाने माणूस प्रामुख्याने सुडोकूतच तरबेज होतो. ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाशी निगडित, बदलता येण्याजोगे १४ धोके नोंदवले. त्यांत उच्च रक्तदाब व मधुमेहाबरोबरच बहिरेपणा, दृष्टिदोष, नैराश्य आणि एकटेपणाही आहे. म्हणून मी या आजोबांचे कान तपासून घेतले. ऐकू कमी येत होते. गप्प राहण्याचे एक कारण तेही होते. श्रवणयंत्र बसवले आणि सल्लाही बदलला : कोडे एकट्याने सोडवू नका, नातवाला घाला.

आपल्या भाषेत कोडे ‘घालतात’. म्हणजे समोर कोणीतरी हवेच. आपल्या शहरातून कन्नडचा घाट उतरला की चाळीसगाव येते. त्या तालुक्यातील पाटण येथे भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’तील कितीतरी उदाहरणे समोरच्या व्यक्तीला प्रेमाने विचारलेली आहेत. गणित तेथे संवाद होऊन येते.

आजोबांना मी खेळ दिला तो देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांचा. चार अंकी संख्या घ्या; चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडून मोठी संख्या आणि चढत्या क्रमाने मांडून लहान संख्या करा व वजाबाकी करा. उत्तर तीन अंकी आले, तर पुढे शून्य धरा. येणाऱ्या उत्तरावर हीच कृती पुन्हा करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या येते आणि मग तीच येत राहते. कापरेकरांनी १९४९ साली जगापुढे मांडलेली ही गंमत आज ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखली जाते.

आजोबांनी आपले जन्मसाल घेतले, १९४७. ९७४१ वजा १४७९ म्हणजे ८२६२. पुढे ६३५४, ३०८७, ८३५२ आणि ६१७४. पाच पायऱ्या. सहावीतल्या नातवाच्या २०१४ ला पुरत्या सात लागल्या. मग नातवाने विचारले, “आजीचे साल?” ते १९५२. ९५२१ वजा १२५९, पुन्हा ८२६२! पहिल्याच वजाबाकीत दोघे एका संख्येवर आले होते. पत्नीच्या जाण्यानंतर आजोबा त्या संध्याकाळी प्रथमच तिच्याविषयी भरभरून बोलले, असे मुलाने मला सांगितले.

सांभाळ करणाऱ्यांनी काही पथ्ये पाळावीत. कोडे म्हणजे परीक्षा नव्हे, “एवढेही येत नाही?” हे वाक्य तोंडातून निघू नये. अंक मोठे लिहावेत, उजेड भरपूर असावा, चष्मा व श्रवणयंत्र लावलेले असावे. पंधरा-वीस मिनिटे पुरेत. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला नवे कोडे न देता तिच्या ओळखीचे पाढे किंवा उखाणे घ्यावेत.

मात्र आयुष्यभर हिशेब ठेवणारी व्यक्ती सुट्ट्या पैशांतही चुकू लागली, तर “वय झाले” म्हणून सोडून देऊ नका. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा विकार आणि नैराश्य यांवर उपचार होऊ शकतात. गोंधळ काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत उद्भवला, तर तातडीने रुग्णालय गाठा.

आणि हे एक कोडे, ‘लीलावती’तल्या भुंग्यांचे. थव्याचा पाचवा भाग कदंबावर गेला, तिसरा भाग शिलींध्राच्या फुलांवर, या दोन भागांतील फरकाच्या तिप्पट भुंगे कुड्यावर गेले. एकच भुंगा हवेत घिरट्या घालत राहिला. एकूण भुंगे किती? उत्तर मुद्दामच देत नाही. आज रात्री जेवणानंतर घरात कोणाला तरी विचारा.