गाळात दडलेले धातू

हैदराबादच्या हिमायतनगराजवळील हुसेनसागर इ. स. १५६२ च्या सुमारास बांधला गेला. विसाव्या शतकात कूकटपल्ली नाल्यावाटे कारखान्यांचे सांडपाणी त्यात येऊ लागले. त्यातील शिसे, जस्त, कॅडमियम हे जड धातू चिकणमातीच्या सूक्ष्म कणांना चिकटून तळाशी बसतात. पाणी निवळले, तरी विष नाहीसे होत नाही. प्राणवायूविरहित गाळात गंधक धातूंना बांधून ठेवते. गाळ ढवळला, की प्राणवायू पोहोचून ते बंधन सुटू लागते.

तलावाचे पाणी मुसीत, मुसीचे कृष्णेत आणि कृष्णेचे बंगालच्या उपसागरात जाते. नदीमुखाशी खारे पाणी लागताच मातीचे कण एकत्र येऊन खाली बसतात. कॅडमियम मात्र क्लोराइडशी संयोग पावून पुन्हा पाण्यात उतरते. तेथून ते शिंपल्यांच्या व माशांच्या शरीरात शिरते. म्हणून गाळ उपसण्याइतकेच तो कोठे टाकावा, हेही महत्त्वाचे होय.