मुरवलेला ऑलिव्ह आणि रोजचा स्वयंपाक

ऑलिव्ह हे जाई, जुई आणि मोगऱ्याच्या कुळातील झाडाचे फळ. झाडावरून तोडून ते तसेच खाता येत नाही. त्याच्या गरात ओल्युरोपिन नावाचे जहाल कडू द्रव्य असते. फळ पिकत जाते तसे ते कमी होते, पण पुरते जात नाही. म्हणून भूमध्य समुद्राभोवतालच्या देशांत ऑलिव्ह आधी मुरतो आणि मगच चुलीजवळ येतो. जगातील पिकाचा साधारण नव्वद टक्के भाग तेलाच्या घाण्याकडे जातो. उरलेला खाण्यासाठी मुरवला जातो. हा मुरवलेला ऑलिव्ह पदार्थाला खारटपणा, आंबटपणा, स्निग्धता आणि किंचित कडवटपणा एकाच वेळी देतो. यांतले काय किती उतरणार, हे तो कसा मुरवला यावर ठरते. त्यामुळे ऑलिव्हच्या पाककृतीची सुरुवात मुरवणीपासूनच करावी लागते.

मुरवण्याच्या रीती

हिरवा आणि काळा ऑलिव्ह ही वेगवेगळ्या झाडांची फळे नव्हेत. कच्चे फळ हिरवे, अर्धे पिकलेले जांभळट आणि पूर्ण पिकलेले काळे असते.

स्पेनमध्ये हिरवी फळे काही तास सौम्य कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात ठेवतात. त्याने ओल्युरोपिनचे विघटन होते. मग फळे धुऊन मिठाच्या पाण्यात आंबवतात. लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू त्यांना आंबटपणा देतात. मांझानिया आणि गोर्दाल हे सेव्हियाकडचे वाण असेच तयार होतात. चवीला स्वच्छ, आंबटखारट आणि दाताखाली घट्ट.

ग्रीसमध्ये पिकलेली फळे सोडा न वापरता थेट मिठाच्या पाण्यात घालतात. कोकणात बरणीत खारवलेल्या कैऱ्या मुरतात, तसाच हा संथ प्रकार. कडवटपणा जायला कित्येक महिने लागतात. कालामाता या प्रसिद्ध वाणाच्या फळांना उभी चीर देऊन पाणी बदलत भिजवतात आणि मग मीठ व व्हिनेगरमध्ये ठेवतात, म्हणून त्याला द्राक्षाच्या शिरक्याचा गंध असतो. थासोस बेटावरील थ्रुंबा कोरड्या मिठात मुरतो. मीठ फळातले पाणी ओढून घेते, साल सुरकुतते आणि चव दाट होते.

डब्यातल्या एकसारख्या काळ्याभोर चकत्या मात्र बहुधा वेगळ्या रीतीच्या असतात. फळ हिरवेच तोडून सोड्याच्या पाण्यात ठेवतात, त्यातून हवा खेळवून त्याला काळे करतात आणि तो रंग फेरस ग्लुकोनेटने पक्का करतात. लेबलावर ‘आयएनएस ५७९’ असे लिहिलेले असेल, तर तो ऑलिव्ह या जातीचा. आंबवण्याने येणारा स्वाद त्यात फारसा नसतो. पिझ्झ्यावर रंगापुरता तो चालतो. ज्या पदार्थाची सारी चव ऑलिव्हवर अवलंबून आहे, तिथे तो तोकडा पडतो.

ठेचलेला ऑलिव्ह

ऑलिव्हचा सर्वांत साधा वापर म्हणजे चटणी. रोमन मुत्सद्दी केटो याने इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात शेतीवर लिहिलेल्या ग्रंथात अशी एक कृती दिली आहे. हिरवे, काळे वा मिश्र ऑलिव्ह घ्यावेत, बिया काढून बारीक करावेत आणि त्यांत तेल, व्हिनेगर, कोथिंबीर, जिरे, बडीशेप, सताप व पुदिना घालावा. एखाददुसरा जिन्नस सोडला, तर ही यादी मराठी घरातल्या फडताळातलीच वाटेल.

सायप्रसमध्ये आजही हिरवे ऑलिव्ह दगडाने चेचून मुरवतात. वाढताना त्यांवर भरड कुटलेले धणे, ठेचलेला लसूण, लिंबाचा रस आणि ऑलिव्हचे तेल घालतात. धणे अर्धेमुर्धेच कुटायचे. पूड केली तर ती तेलात मिसळून जाते, भरड राहिले तर प्रत्येक घासात धण्याचा वास फुटतो. थोडा वेळ मुरले की ते पावाबरोबर खाल्ले जातात.

फ्रान्सच्या प्रोव्हान्स प्रांतातील तापनाद याच घराण्यातला. काळे ऑलिव्ह, केपरच्या खारवलेल्या कळ्या, अँकोव्ही मासा आणि तेल खलबत्त्यात कुटून तो होतो. भाजलेल्या पावावर तो लावतात. उकडलेल्या बटाट्यावर वा भाजलेल्या माशावरही तो शोभतो. यात वरून मीठ घालावे लागत नाही.

भाजी, सॉस आणि रस्सा

ग्रीसच्या खेड्यातल्या कोशिंबिरीत टोमॅटो, काकडी, कांदा, ढोबळी मिरची, फेटा चीज आणि ओरेगानो यांच्या जोडीला कालामाता असतो. टोमॅटोच्या गोड रसाला ऑलिव्हचा खार तोलून धरतो.

नेपल्सच्या पुतानेस्का सॉसला पास्ता शिजेपर्यंतचाच वेळ लागतो. तेलात लसूण आणि लाल मिरची परततात, टोमॅटो घालतात आणि तो मऊ झाला की गाएता गावच्या नावाने ओळखले जाणारे छोटे काळे ऑलिव्ह व केपर घालतात. अँकोव्ही काही घरांत पडते, काहींत नाही.

सिसिलीची कापोनाता म्हणजे वांग्याची आंबटगोड भाजी. वांग्याच्या फोडी तळून घेतात. कांदा, सेलरीचे दांडे, टोमॅटो, हिरवे ऑलिव्ह आणि केपर वेगळे शिजवतात. शेवटी व्हिनेगर व साखर घालून सारे एकत्र करतात. ती गरम वाढत नाहीत. निवल्यावर, आणि त्याहून अधिक दुसऱ्या दिवशी, तिची चव लागते.

मोरोक्कोत कोंबडीचा रस्सा आले, हळद, केशर, कांदा आणि कोथिंबीर घालून मंद आचेवर शिजवतात. मिठात मुरलेल्या लिंबाची साल आणि ऑलिव्ह अगदी शेवटी पडतात. ऑलिव्ह फार कडू वा खारट असतील, तर आधी पाण्याला उकळी आणून त्यात ते थोडा वेळ ठेवतात आणि पाणी ओतून देतात. पोर्तुगालच्या पोर्तो शहरातील गोमेश द सा यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पदार्थात खारवलेला कॉड मासा, बटाटे आणि कांदा भट्टीत भाजून वर उकडलेले अंडे व काळे ऑलिव्ह मांडतात. मासा आधी दिवसभर पाणी बदलत भिजवला नाही, तर दोन्ही खार एकत्र येऊन पदार्थ तोंडात धरवत नाही.

स्वयंपाक करताना

या सर्व पदार्थांत काही नियम समान दिसतात. पहिला मिठाचा. १०० ग्रॅम हिरव्या खारवलेल्या ऑलिव्हमध्ये साधारण दीड ग्रॅम सोडियम, म्हणजे जवळपास ४ ग्रॅम मीठ असते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली दिवसाची मर्यादा ५ ग्रॅमहून कमी आहे. म्हणून पदार्थात मीठ ऑलिव्ह घातल्यानंतर, चव बघूनच घालावे. फार खारट ऑलिव्ह अर्धा-एक तास साध्या पाण्यात ठेवले की खार उतरतो.

दुसरा नियम वेळेचा. ऑलिव्ह मुरवतानाच मऊ झालेला असतो, त्याला शिजवण्याची गरज नसते. रस्सा वा सॉस उतरवण्याआधी पाच-दहा मिनिटे घातला, तर त्याचा खार पदार्थात उतरतो आणि गरही शाबूत राहतो. फार उकळला तर कडवटपणा रश्शात येतो.

तिसरा नियम बियांचा. बी असलेला ऑलिव्ह चवीला सरस, कारण बी काढलेल्या फळात खार आतपर्यंत शिरतो आणि गर लिबलिबीत होतो. रुंद सुरीच्या पात्याने वा वाटीच्या बुडाने फळ दाबले की बी सहज सुटते.

उघडलेली बरणी फ्रिजमध्ये ठेवावी आणि फळे नेहमी खाराखाली बुडालेली असावीत. ओला वा उष्टा चमचा आत जाऊ देऊ नये. बरणीतला खार टाकून देण्याचे कारण नाही. उकडलेल्या बटाट्यात, डाळीच्या सूपमध्ये किंवा कोशिंबिरीत चमचाभर खार घातला, तर मीठ आणि आंबट दोन्हींचे काम तो एकटा करतो.