हिरव्या पास्त्यात पालक किती?

इटलीत नेपल्सजवळ लात्तारी डोंगराच्या पायथ्याशी ग्रान्यानो नावाचे गाव आहे. एकेकाळी इथल्या रस्त्यांवर, आपल्याकडे शेवया वाळत घालतात तसा, काठ्यांवर पास्ता वाळत असे. आता हे काम बंद खोल्यांत होते. तरी हाताने काम करणारे कारागीर घाई करत नाहीत. ते पितळी किंवा काशाच्या साच्यातून पीठ काढतात, त्यामुळे पास्त्याचा पृष्ठभाग खरखरीत होतो आणि त्याला रस्सा चांगला धरतो. मग मंद उष्णतेवर तो एक-दोन दिवस वाळवतात. ग्रान्यानोच्या पास्त्याला २०१३ मध्ये युरोपीय भौगोलिक मानांकन मिळाले.

इटलीच्या कायद्यानुसार साधा सुका पास्ता डुरम गव्हाचा रवा आणि पाणी एवढ्यातूनच करावा लागतो. आपला बन्सी गहू याच जातीचा. त्यात पालक, टोमॅटो, बीट किंवा केशर घातले, तर तो ‘विशेष पास्ता’ ठरतो आणि काय घातले ते नावातच सांगावे लागते. अशी रंगीबेरंगी पाकिटे आता मुंबई-पुण्यातील दुकानांतही दिसतात. भाजी न खाणाऱ्या मुलाची आई हिरवे पाकीट उचलते, तेव्हा निदान पालक तरी पोटात जाईल, अशी तिची आशा असते.

ती आशा कितपत खरी? साधे गणित करू. पाकिटावर पालकाची पूड २ टक्के लिहिली असेल, तर ८० ग्रॅम सुक्या पास्त्यात ती १.६ ग्रॅम असते. ताज्या पालकात सुमारे ९१ टक्के पाणी असते, म्हणजे ही पूड साधारण १८ ग्रॅम ताज्या पालकाची, थोडक्यात काही पानांची. मोठ्या माणसाने दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या व फळे खावीत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शिवाय पालकातील काही जीवनसत्त्वे वाळवताना आणि उकळताना कमी होतात.

रंगही सारखे टिकत नाहीत. पालकाच्या हरितद्रव्यातील मॅग्नेशियम उष्णतेने निघून जाते आणि रंग शेवाळी होतो. बीटचा रंग पाण्यात विरघळतो, म्हणून उकळताना तो भांड्यातल्या पाण्यात उतरतो. टोमॅटोतील लायकोपिन मात्र पाण्यात विरघळत नाही आणि तेलासोबत खाल्ल्यास शरीरात अधिक शोषले जाते. काळ्या पास्त्याला माकुळासारख्या सागरी जीवाच्या शाईने रंग येतो. शाकाहारी व्यक्तींनी आणि अशा सागरी जीवांची ॲलर्जी असणाऱ्यांनी तो टाळावा. काही पास्त्यांत अंडेही असते. ‘नैसर्गिक’ हा शब्द वाचून निर्धास्त होण्याऐवजी घटकांची यादी वाचावी. सीलिएक आजार असणाऱ्यांसाठी रंग कोणताही असो, गव्हाचा पास्ता वर्ज्यच.

मग चांगल्या पास्त्याचे खरे गुण कशात आहेत? डुरम रव्यातील प्रथिनांचे घट्ट जाळे स्टार्चच्या कणांना धरून ठेवते. म्हणून पास्त्यानंतर रक्तातील साखर पांढऱ्या ब्रेडच्या मानाने हळू वाढते. पण पास्ता गिच्च शिजवला की हे जाळे सैल होते. इटलीत तो दाताखाली किंचित कडक लागेल इतकाच शिजवतात, त्यामागे चवीबरोबर हा लाभही आहे. मंद वाळवणाचा फायदा वेगळा. जास्त उष्णतेत लायसिन या आवश्यक अमिनो आम्लाचा काही भाग शरीराला उपयोगी पडत नाही. मंद उष्णतेत हे नुकसान कमी होते. गव्हात लायसिन मुळातच कमी, ते कडधान्यांत भरपूर असते. इटालियन घरांत पास्ता राजम्यासारख्या कडधान्यांबरोबर खातात, जसा आपण वरण-भात खातो.

मधुमेह असणाऱ्यांनी एका वेळी ५० ते ६० ग्रॅम सुका पास्ता घ्यावा आणि ताटातला निम्मा भाग भाज्यांचा असू द्यावा. मुलांसाठीही हाच उपाय: पास्ता कोणत्याही रंगाचा आणावा, पण त्याच्या जोडीला गाजर, वाटाणे, टोमॅटो आणि खरा पालक भरपूर घालावा. वाढणीतील भाजी डोळ्यांना दिसली, तरच ती पोटात गेली असे समजावे.