पोटात राहिलेला टॉवेल

जुलै १९६३. औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयात एक महिला बाळंत झाली. तीन दिवसांनी तिची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. मग ताप चढला, पोट दुखू लागले. पोट पुन्हा उघडले, तेव्हा आत टॉवेल सापडला. २४ जुलैला ती दगावली. जालना तेव्हा याच जिल्ह्यातला तालुका होता.

कुटुंबीयांनी दिवाणी न्यायालयात दाद मागितली. खालच्या न्यायालयाने ३६ हजार रुपये भरपाई मंजूर केली, उच्च न्यायालयाने ती नाकारली. अखेर १९९६ मध्ये ‘अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भरपाईचा निकाल कायम केला. पोटात टॉवेल राहणे हाच निष्काळजीपणाचा पुरावा ठरला आणि रुग्णालय चालवणाऱ्या शासनावर जबाबदारी आली.

मात्र रुग्ण बरा झाला नाही म्हणजे निष्काळजीपणा झाला, असे कायदा मानत नाही. त्या परिस्थितीत सर्वसाधारण कुशल डॉक्टरने घेतली असती, ती काळजी घेतली गेली का, हे पाहिले जाते. टाके घालण्यापूर्वी गॉज, टॉवेल मोजणे हा त्याच काळजीचा भाग.

शस्त्रक्रियेनंतर ताप किंवा वाढती पोटदुखी असेल, तर अंगावर काढू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा. केसपेपर, तपासण्या, डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. मागणी केल्यावर ७२ तासांत उपचारांच्या नोंदी मिळायला हव्यात. पैसे देऊन घेतलेल्या उपचारांबाबत जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. सर्वांना मोफत उपचार देणाऱ्या रुग्णालयाबाबत दिवाणी न्यायालयाचा मार्ग खुला असतो.