पाऊस उदंड, पाणी मोजून

नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातले हरसूल पाहायला लोक पावसाळ्यात जातात. गिरणारे सोडले, वाघेरा घाट उतरला की दोन्ही अंगांना धबधबे, भाताची खाचरे आणि ढगात बुडालेले डोंगर. फोटोला उत्तम. पण हा मुलूख खरोखर कळायचा असेल तर मे महिन्यात जावे आणि सोबत गावातला माहीतगार माणूस घ्यावा. एकट्याने गेलात तर डोंगर दिसतील, पाणी दिसणार नाही.

आम्हाला वाट दाखवायला आलेले काका साठीच्या पुढचे होते. पायात स्लीपर, खांद्यावर टॉवेल, हातात कोयता. सकाळी सातलाच उन्हाने अंग भाजायला सुरुवात केली होती. सागाची पाने झडून गेलेली, करवंदीच्या जाळ्या धुळीने माखलेल्या, ओढ्यात नुसते गोटे. अशा करपलेल्या डोंगरउतारावर अर्ध्या उंचीवर एक हिरवा ठिपका होता. काकांनी कोयत्याने तिकडे खूण केली. “उंबर दिसतंय ना? तिथं झिरा.”

जमिनीतल्या पाण्याची खूण झाडांवरून ओळखायची विद्या जुनी आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त त्यावर अख्खा अध्याय लिहिला आणि त्यात जांभूळ, उंबर यांची नावे आहेत. काकांनी तो वाचण्याचा प्रश्न नव्हता, पण उंबराखाली पाणी निघाले.

निघाले म्हणजे किती? खडकाच्या बेचक्यात हातभर लांबीरुंदीचा खड्डा, भोवती दगड रचलेले, तळाशी ओंजळभर नितळ पाणी. दोन बाया बसल्या होत्या. एकीने वाटीने पाणी काढून फडक्यातून हंड्यात गाळले. चार-पाच वाट्यांत तळ दिसला. मग वाटी उपडी ठेवून ती थांबली. खडकाच्या चिरेतून पाणी पाझरत पुन्हा तळ झाकायला लागले तशी दुसरीने वाटी उचलली. नंबर कोणाचा, हे कोणी बोलले नाही. दोघींना ठाऊक होते.

इथेच पाणी का आणि पन्नास पावले खाली का नाही, याचे उत्तर सह्याद्रीच्या जन्मात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले. काही थर निबर काळ्या पाषाणाचे, तर काही सच्छिद्र, ठिसूळ. विहिरी खोदणारे त्यांना मांजऱ्या म्हणतात. पावसाचे पाणी मांजऱ्यात मुरते, खालच्या काळ्या खडकावर अडते आणि आडवे सरकत डोंगराच्या कुशीत बाहेर पडते. म्हणूनच एका डोंगराचे झरे पुष्कळदा एकाच उंचीच्या रेषेत सापडतात. हरसूलची अडचणही त्यातच आहे. उतार तीव्र, माती पातळ, मुरायला जागा आणि वेळ कमी. वर्षाला २००० मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस चार महिन्यांत दमणगंगेच्या खोऱ्यातून समुद्राकडे निघून जातो.

आता याच्या उलट चित्र पाहायला हजारो किलोमीटर दूर ट्युनिशियात चला. सहाराच्या तोंडाशी तोझूर हे शहर आहे. तिथून अल्जीरियाच्या सीमेकडे निघाले की उघड्याबोडक्या डोंगररांगेत चेबिका, तामेर्झा आणि मिदेस ही तीन मरूद्याने लागतात. पर्यटकांना जीपमधून, वाटाड्या देऊन तिथे नेतात. त्या भागात वर्षाचा पाऊस १०० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या जोरदार दिवसाएवढा. तरीही खडकातून बारमाही झरे वाहतात आणि त्यांवर तीन मजली बागा पोसल्या जातात. वर खजूर, त्याच्या सावलीत अंजीर-डाळिंब, त्याखाली भाजीपाला.

तोझूरमधल्या पाणीवाटपाची घडी इब्न शब्बात या तेराव्या शतकातल्या विद्वानाने बसवून दिली. कोणाच्या बागेला पाणी किती वेळ, हे भोक असलेले भांडे रिकामे होण्यावर मोजले जाई. आपल्याकडचे घटिकापात्र त्याचेच भावंड, फक्त ते रिकामे होण्याऐवजी भरून बुडते. आणि पाणी वाटून घ्यायची अक्कल आपल्याकडे नव्हती असेही नाही. याच नाशिक जिल्ह्यात, बागलाणात मोसम आणि आरम नद्यांवर, तसेच शेजारी धुळ्यात पांझरेवर फड पद्धत शतकानुशतके चालली. बंधाऱ्याखालच्या शिवाराचे फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे आणि पाणी पाटकऱ्याच्या हाती सोपवायचे. हरसूलच्या उतारांवर असे पाट काढणे अवघड. इथे नियम आहे तो झिऱ्यावर, वाटीपुरता.

वाळवंटातली गावे म्हणजे नंदनवन, अशीही समजूत नको. १९६९ साली ट्युनिशियात अतिवृष्टी झाली आणि चेबिका-तामेर्झाची जुनी गावे पुरात उद्ध्वस्त झाली. लोकांनी शेजारी नवी घरे बांधली. पर्यटक आज जे अवशेष पाहतात ते त्या पुराचे.

टंचाई आणि पूर एकाच ठिकाणी नांदतात, हे त्र्यंबकेश्वर तालुक्याला कोणी सांगायला नको. खरशेतजवळच्या शेंद्रीपाड्यातल्या बाया पिण्याच्या पाण्यासाठी तास नदीवर टाकलेल्या लाकडी बल्ल्यांवरून डोक्यावर हंडे घेऊन ये-जा करत. ती छायाचित्रे गाजली, २०२२च्या जानेवारीत तिथे लोखंडी पूल आला आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात पुरात वाहून गेला. मला विचाराल तर पुलाच्या मजबुतीची चर्चा झाली तेवढी पाणी पाड्याच्या बाजूला का नाही याची झाली नाही.

दुसरीकडे मोठे आराखडे तयार आहेत. दमणगंगा-पिंजाळ नदीजोड प्रकल्पात भूगड आणि खारगीहिल इथे धरणे बांधून बोगद्यांनी पाणी मुंबईकडे न्यायचे योजले आहे. मुंबईला पाणी नको असे कोण म्हणेल? पण ज्या डोंगरावर पाऊस पडतो तिथल्या पाड्यांचा हिशेब आधी मांडायला हवा. त्याला बोगदे लागत नाहीत. झऱ्याच्या वरच्या उतारावर चर खणायचे, मांजऱ्याच्या पट्ट्यावरची झाडी राखायची, उगमाला दगडी कोंदण बांधून गुरे आणि धुणी खाली ठेवायची. काम किरकोळ दिसते, म्हणून त्याचे उद्घाटन होत नाही.

उतरताना काकांना मुलांबद्दल विचारले. दोघेही गिरणाऱ्याकडे, द्राक्ष-टोमॅटोच्या कामावर. दिवाळीत वाघबारशीला वाघदेवाला नैवेद्य दाखवायला घरी येतात, भाताची झोडणी आटोपतात आणि पुन्हा निघतात. नागली-वरई घरापुरती पिकते. दुसऱ्या पिकाला पाणी नाही.

तुम्ही जाणार असाल तर मेच्या पहिल्या पंधरवड्यात जा आणि ऊन चढायच्या आत उतरा. वाटाड्याशी घासाघीस करू नका. त्याची दिवसाची मजुरी बुडालेली असते. झिऱ्यात पाय घालू नका, बाटली बुडवू नका. आणि दिवसभराचे पिण्याचे पाणी नाशकाहूनच भरून न्या. पाड्यावर कोणी आग्रहाने तांब्या पुढे केला तर तो किती वाट्यांचा आहे हे आठवून घोटभरच घ्या.