इंटरफेरॉनला जाग कशाने येते?

विषाणूची बाधा झालेली पेशी इंटरफेरॉन नावाचे प्रथिन निर्माण करते व त्यायोगे शेजारच्या पेशी सावध होतात. परंतु शत्रू आला हे पेशीला कळते कशावरून? १९५७ मध्ये लंडन येथे आयझॅक्स व लिंडेनमान यांनी कोंबडीच्या अंड्यातील भ्रूणावरणाचे तुकडे द्रवात जगवून त्यांत उष्णतेने निष्क्रिय केलेला इन्फ्ल्युएन्झाचा विषाणू मिसळला आणि इंटरफेरॉनचा शोध लागला. म्हणजे उद्दीपक विषाणू जिवंत असलाच पाहिजे असे नाही.

त्याहून नवल बुरशीचे! पेनिसिलियमच्या एका जातीपासून काढलेला ‘हेलेनिन’ हा अर्कही इंटरफेरॉन निर्माण करवी. १९६७ मध्ये अमेरिकेत हिलमन यांच्या गटाने दाखविले की, त्यातील प्रभावी द्रव्य म्हणजे दुहेरी धाग्याचे आर.एन.ए. होय. ते मूळचे बुरशीचे नव्हे, तर बुरशीलाच जडलेल्या विषाणूचे होते, असे पुढे कळले. प्रयोगशाळेत जुळविलेले कृत्रिम दुहेरी आर.एन.ए.ही प्रभावी ठरले. त्याचे औषध करण्याची आशा मात्र त्याच्या विषारीपणामुळे बहुतांशी मावळली. तात्पर्य, पेशी ओळखते ती विषाणूला नव्हे, त्याच्या आर.एन.ए.च्या ठेवणीला. रक्तातील लसिकापेशी तर राजम्यातील एका प्रथिनानेही उद्दीपित होतात, पण त्यांचे ते इंटरफेरॉन निराळ्या प्रकारचे असते.

पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात सिंग यांनी डासांच्या अळ्यांपासून पेशी वाढविल्या. त्यांचा वृत्तांत १९६७ मध्ये बंगळूरच्या ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. या पेशींत चिकुनगुन्याचा विषाणू वाढतो, परंतु इंटरफेरॉन मुळीच निर्माण होत नाही, कारण कीटकांपाशी ते नाहीच. दुहेरी आर.एन.ए.ची खूण डासालाही कळते. पण तो तिचे तुकडे करतो.