पाच जण, पाचही मुख्य

१९६७ साली लंडनच्या टॉटनहॅम कोर्ट रोडवरच्या हॉर्सशू या पबमध्ये दर रविवारी रात्री पाच जण एकत्र वाजवू लागले. बर्ट जान्श आणि जॉन रेनबर्न हे गिटारवादक एकाच घरात राहत. १९६६ मध्ये दोघांची मिळून एक रेकॉर्डही निघाली होती. जॅकी मॅकशी लोकगीतांच्या क्लबांत गात असे. डबल बास वाजवणारा डॅनी थॉम्पसन आणि ड्रमवरचा टेरी कॉक्स मात्र ॲलेक्सिस कॉर्नरच्या ब्लूज मंडळीतून आलेले, जॅझमध्ये मुरलेले. नाव ठरलं पेंटँगल, म्हणजे पंचकोनी तारा. सर गवेनच्या मध्ययुगीन काव्यात त्या वीराच्या ढालीवर हे चिन्ह आहे, आणि रेनबर्नला त्या काळाचं वेड होतं.

यांनी लोकसंगीत आणि जॅझ यांचा मेळ घातला, असं सर्रास लिहिलं जातं. ते खरं आहे, पण अपुरं आहे. माझ्या मते त्यांचं मोठेपण यात आहे, की या पाचांत साथीला बसलेला कोणीच नव्हता. मॅकशी जुनं इंग्रजी गाणं जवळजवळ निर्विकारपणे, स्वच्छ आवाजात गाते. थॉम्पसनचा बास तिच्या मागे नुसता ठेका धरत नाही. तिच्याशी बोलतो, कधी तिला अडवतो. दोन गिटारी एकमेकींत इतक्या गुंततात, की कुठली कोणाची ते नवख्याला सांगता येत नाही. शंभरदा ऐकूनही ही गाणी जुनी होत नाहीत, कारण दर वेळी कान वेगळ्याच वादकामागे जातो.

'बास्केट ऑफ लाइट' (१९६९) या अल्बममधलं पहिलंच गाणं, 'लाइट फ्लाइट', घ्या. बीबीसीच्या 'टेक थ्री गर्ल्स' या रंगीत मालिकेचं ते शीर्षकगीत झालं आणि बँड घराघरांत पोचला. पाच आणि सात मात्रांचे गट त्यात आळीपाळीने येतात, मध्येच सहाची चाल लागते. रूपक कानात बसलेल्या माणसालाही सम धरायला दोन-तीनदा ऐकावं लागतं. मॅकशी मात्र त्यावरून अशी सहज गात जाते, की हिशेबाची चाहूलही लागत नाही. याच अल्बमच्या वेष्टणावर सगळी वाद्यं अकूस्टिक असल्याचं मुद्दाम छापलं होतं; ब्रिटनमध्ये तो पाचव्या क्रमांकापर्यंत गेला. रेनबर्नने त्यात सतारही वाजवली आहे. ती रागदारी नव्हे. तो तिच्यावर इंग्रजी चालच वाजवतो.

मग 'क्रुएल सिस्टर' (१९७०). शीर्षकगीतात एक बहीण दुसरीला बुडवते. मृत मुलीच्या हाडाकेसांची हार्प बनते आणि ती हार्पच खुनाला वाचा फोडते. दुसरी पूर्ण बाजू 'जॅक ओरायन' या एकाच, अठरा मिनिटांहून लांब कथागीताने व्यापली आहे. आता रेनबर्नच्या हाती इलेक्ट्रिक गिटारही होती. हिट गाण्यानंतर असा अल्बम काढायला धाडस लागतं. तो फारसा खपला नाही. दौऱ्यांचा शीण, मद्यपान, पैशांवरून रेकॉर्ड कंपनीशी वाद हे सगळं साचत गेलं, आणि १९७३ च्या सुरुवातीला बँड फुटला.

पुढे ऐंशीच्या दशकात ही मंडळी पुन्हा जमली, एकेक करून पांगलीही. २००८ मध्ये मूळ पाचही जण लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये परत वाजले. जान्श २०११ मध्ये गेला, रेनबर्न २०१५ मध्ये.

नव्याने ऐकणाऱ्याने १९६८ च्या 'स्वीट चाइल्ड' या जोड-अल्बमपासून सुरुवात करावी. त्याची पहिली तबकडी याच हॉलमधल्या मैफलीची आहे. तिच्यात मध्ययुगीन नाचाच्या चाली आहेत आणि चार्ल्स मिंगसच्या जॅझ रचनाही. 'हेशियन फाइट साँग'मध्ये थॉम्पसन एकटा बासवर उभा राहतो आणि सगळं सभागृह धरून ठेवतो.